सुलभाताई आणि शिळे थेंब

सुलभाताई गायकवाडांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या एका मोठ्या माणसाला दारात अडवून उभ्या होत्या. माणूस सगळ्या अर्थांनी मोठा होता. आमच्या प्रयोगशाळेला अनुदान देणाऱ्या समितीचा अध्यक्ष, सहा फुटांच्या वर उंची, आणि संध्याकाळी कुठल्याशा समारंभाला जायचं म्हणून सकाळपासूनच किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा लोकरी घागरा, घालून आलेला. ताई जेमतेम त्याच्या कोपरापर्यंत पोचत होत्या.

“व्हेरी सॉरी,” त्या म्हणाल्या. “किल्ट इज वूल. वूल इज फ्लफ. फ्लफ इज फिनिश्ड.” लोकरीचा एक तंतू उडाला तरी आतलं काम वाया जायचं.

अध्यक्ष हसले आणि म्हणाले, बाई, काय काढावं यालाही काही मर्यादा आहे. ताई हसल्या नाहीत. त्यांनी कपाटातून डोक्यापासून पायापर्यंतचा एक पांढरा झगा काढला आणि त्यांच्या हातात दिला. तो चढवून अध्यक्षमहाराज बाहेर आले तेव्हा खोळ घातलेल्या लोडासारखे दिसत होते. मग ताईंनी बाजूला होऊन त्यांना अदबीने आत सोडलं. पुढच्या वर्षीही अनुदान चालू राहिलं. ते आपल्या झग्यामुळे, असं ताईंचं ठाम मत होतं.

ग्लासगोत माझा तो दुसरा दिवस होता. अध्यक्ष आत गेल्यावर ताईंनी माझ्या गळ्यातल्या पाटीवरचं नाव वाचलं, मला खालून वर न्याहाळलं आणि शुद्ध मराठीत विचारलं, “स्वेटर आईने विणलाय?”

“हो,” मी चकित होऊन म्हणालो.

“छान आहे. बाहेर ठेव.”

परदेशात मराठी माणूस भेटला की आपण जे विचारतो तेच मी विचारलं. ताई, तुम्ही मूळच्या कुठल्या?

“मूळची बेसमेंटची,” त्या म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

त्या परभणीच्या, हे कळायला मला चार महिने लागले. बेसमेंट मात्र खरंच त्यांचं होतं. युनिव्हर्सिटीच्या त्या तळघरात त्या वीस वर्षं टेक्निशियन होत्या. आमच्यासारखे पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचे संशोधक, यायचे, दोन-तीन वर्षं राहायचे, पेपर घेऊन निघून जायचे. ताई तिथेच होत्या. आम्ही थेंबांवर काम करायचो. पाणी आणि तेल एकमेकांत मिसळत नाही, एवढ्याच भांडवलावर हा सगळा धंदा उभा आहे. केसाएवढ्या बारीक नळीतून तेल वाहतं, त्यात बाजूने पाणी सोडलं की त्याचे तुकडे पडतात, सेकंदाला शेकड्यांनी. प्रत्येक थेंब म्हणजे एक स्वतंत्र परीक्षानळी. एकेका थेंबात एखादाच जिवाणू, थोडंसं औषध, ते औषध कोणतं हे सांगणारा एक रंग आणि जिवाणू जगला तर चमकणारा दुसरा रंग. काही तासांनी हे थेंब एकामागोमाग एका दिव्यापुढून जातात. रंगावरून प्रश्न वाचायचा आणि चमकेवरून उत्तर. थेंब चमकला तर जिवाणू जिवंत, म्हणजे औषध निरुपयोगी. आजाऱ्याला कुठलं औषध लागू पडेल हे दोन दिवसांऐवजी एका दुपारी सांगायचं, असा आमचा मनसुबा होता.

या नळ्या ज्यात असतात त्या चिपा ताई बनवायच्या. चिप म्हटलं की लोकांना कॉम्प्युटरमधली आठवते. आमची चिप म्हणजे पारदर्शक रबराची वडी. साच्यावर पातळ रबर ओतायचं, त्यातली हवा काढायची, भट्टीत घट्ट करायचं, खरवसाची वडी सोडवतात तशी अलगद सोडवायची आणि काचेवर चिकटवायची. मी पहिल्यांदा सोडवली तेव्हा ती मधोमध फाटली. ताई म्हणाल्या, “थेंबाला घाई नसते, रबराला घाई नसते, घाई फक्त पुण्याच्या माणसाला असते.”

वीस वर्षांत ग्लासगो त्यांच्या बोलण्यात मुरलं होतं. तिथे छोट्याला ‘वी’ म्हणतात. ताईंचं मराठी त्या वी-ने भरलेलं. “अरे केदार, एक वी प्रॉब्लेम झालाय.” “ती वी बाटली दे रे.” चौदा एप्रिलला त्यांची मंडळी एका चर्चचा हॉल भाड्याने घ्यायची. मीही दोनदा गेलो. दोनशे माणसांचा स्वयंपाक ताई प्रयोगशाळेतलं घड्याळ गळ्यात अडकवून करत होत्या. घड्याळ पिपाणीसारखं वाजलं की भात उतरवायचा, मग समोर भाषण कुणाचंही चालू असो. एका वक्त्याने रागाने स्वयंपाकघराकडे पाहिलं, तर ताईंनी आतूनच ओरडून सांगितलं, “तुमचं चालू द्या, भात थांबत नाही.”

त्यांचा कान फार तिखट होता. तेल ढकलणारे पंप खोलीत चारपाच असायचे आणि मला सगळ्यांचा आवाज सारखाच वाटायचा. ताई पाठमोऱ्या बसून पोळी-भाजी खात खात म्हणायच्या, “तिसरा अडखळतोय.” जाऊन पाहावं तर तिसऱ्यात हवेचा बुडबुडा असायचा.

पण त्यांची खरी खोड होती शिळ्याची. प्रयोग संपला की उरलेले थेंब आम्ही फेकून द्यायचो. ताई त्यातले थोडे एका झाकणाच्या नळीत काढून फ्रिजमध्ये ठेवायच्या. वर मराठीत चिठ्ठी, ‘शिळे, मंगळवार’. दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्याही आधी, ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या आणि वहीत दोन ओळी लिहायच्या. आमच्या गटाची प्रमुख मॉरग ही पन्नाशीची, बोलायला फटकळ आणि मनाने मोकळी बाई. ती या नळ्यांना ‘सुलभाचं लोणचं’ म्हणायची. मी एकदा विचारलं, ताई, झालेल्या प्रयोगाचं काय पाहता?

“ताजं सगळंच चांगलं दिसतं,” त्या म्हणाल्या. “शिळं झालं की कळतं.”

मी हसलो होतो. तेव्हा मला बऱ्याच गोष्टींवर हसू यायचं.

आता पेपरांची गोष्ट. ताईंच्या चिपांवर आमच्या गटाने ढीगभर पेपर छापले होते आणि त्या प्रत्येकात ताई होत्या. कुठे, तर अगदी शेवटी, बारीक अक्षरात, आभाराच्या ओळीत. त्यातही कधी आडनावाचं स्पेलिंग चुकलेलं. ताईंना त्याचा राग नव्हता असं मी म्हणणार नाही, पण तो त्या चेष्टेतून काढायच्या. म्हणायच्या, “लग्नपत्रिकेच्या खाली पोरांची नावं असतात ना, आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं? मी त्यातली. चिंटू, पिंकी आणि सुलभा.”

मी तिथे असताना ताईंनी स्वतः एक चिप आखली. त्यात थेंब नागमोडी वळणावळणांतून एकामागे एक आपला नंबर न सोडता उभे राहायचे, शाळेच्या प्रार्थनेला उभे राहतात तसे. त्यामुळे कुठला थेंब कुठे आहे यावरूनच अर्धी माहिती मिळायची. रंगही कमी लागायचे. मॉरगने तो आराखडा दोन मिनिटं टक लावून पाहिला आणि म्हणाली, “सुलभा, या पेपरात तुझं नाव वर येणार. लेखकांत.”

ताईंनी “ओके” म्हटलं आणि हातमोजे घातले. मग ते काढले. मग पुन्हा घातले. त्या दुपारी त्यांनी मिलिंदरावांना, म्हणजे यजमानांना, तीनदा फोन केला. मिलिंदराव बस चालवायचे आणि फोन उचलू शकत नव्हते, तर ताईंनी निरोप ठेवला, “अहो, अर्जंट काही नाही.” जून अखेर त्या निवृत्त होणार होत्या. वीस वर्षांतला हा पहिला पेपर आणि अर्थातच शेवटचा.

प्रयोग झकास चालले होते. तपासायची औषधं वाढत गेली, तसं थेंबांना चिपमध्ये ताटकळत ठेवायची वेळही वाढत गेली. आकडे मी काढायचो. बहुतेक थेंब रिकामे असतात, कारण एका थेंबात दोन जिवाणू शिरू नयेत म्हणून आम्ही द्रावण मुद्दाम पातळ करतो. रिकामा थेंब अंधारा असायला हवा. मी कॉम्प्युटरला एक रेषा आखून दिली होती. हिच्याखाली ज्याची चमक असेल तो रिकामा, तो सोडून द्यायचा. मधूनमधून रिकामे थेंबही जरा उजळ वाटायचे. मग मी रेषा किंचित वर सरकवायचो. वाईट हेतू काहीच नव्हता. खिडकीतून ऊन आलं की आपण खुर्ची सरकवतो, तितक्या सहज मी ती सरकवत होतो.

पेपर गुरुवारी पाठवायचा होता. सोमवारी सकाळी ताईंनी मला सूक्ष्मदर्शकाकडे बोलावलं.

“बघ.”

मी डोळा लावला. शुक्रवारचे शिळे थेंब होते. एकजात सगळे हिरवे उजळलेले. “ताई, काय सुंदर दिसतंय!” मी म्हणालो.

“सुंदर दिसतंय, तेच वाईट आहे. रिकामे कुठायत?”

मी पुन्हा पाहिलं. रिकामा एकही नव्हता. म्हणजे होते, पण तेही चमकत होते. भरलेल्या थेंबातला चमकणारा रंग तेलातून पाझरून शेजारच्या रिकाम्या थेंबात जात होता. एकाचं उत्तर दुसऱ्याच्या पाटीवर उमटत होतं.

“हे तीन दिवसांचं आहे, ताई. आपण चारच तास ठेवतो.”

“बरोबर. तू ती रेषा कुठे ठेवतोस सध्या?”

मी आकडा सांगितला.

“आणि दिवाळीच्या सुमाराला कुठे होती?”

मी तोही सांगितला. त्याआधीचा त्यांनी विचारला नाही. वही उघडून माझ्यापुढे ठेवली. त्यात त्यांनी दर सकाळी रिकाम्या थेंबांबद्दल दोन-दोन ओळी लिहिल्या होत्या. ‘जरा उजळ.’ ‘कालच्याहून उजळ.’ मी कधी त्यांना ती वही मागितली नव्हती.

मी जे बोललो ते आता लिहितानाही लाज वाटते. मी म्हणालो, “ताई, परीक्षकांना हे कळणार नाही. आणि तुमचं नाव आहे यात. हा थांबला तर जूनपर्यंत काही होत नाही.”

ताईंनी खुर्ची ओढली आणि बसल्या. “नाव आहे म्हणूनच सांगतेय ना. आभारात होते तोवर चूक तुमची होती. आता माझीपण आहे.” मग म्हणाल्या, “मॉरगला तू सांगतोस की मी सांगू? तू सांगितलंस तर बरं दिसेल.”

मी सांगितलं. ताई माझ्यामागे उभ्या होत्या. मॉरगने दोन्ही हातांनी चेहरा झाकला, मग हात काढून म्हणाली, “राइट. केटल लावा.” ग्लासगोत मोठं संकट आलं की आधी चहा होतो, त्याबाबतीत ते आपलेच आहेत. चहा झाल्यावर ती म्हणाली की दोष बहुधा चिपमध्ये असेल. नागमोडी वळणांत थेंब फार जवळ उभे राहतात. रबरातूनही पाझर होत असेल. कंपनीच्या तयार काचेच्या चिपा विकत घेऊ, साध्या, सरळ नळीच्या.

याचा अर्थ आम्हा तिघांनाही कळत होता. ताईंची चिप गेली की आराखडा गेला, आणि आराखडा गेला की नाव परत बारीक अक्षरांत. मॉरगला ते बोलताना जड जात होतं हे दिसत होतं. ताई एवढंच म्हणाल्या, “आधी तपासू. वी टेस्ट आहे.”

आणि त्यातली मोजणी त्यांनी स्वतः केली नाही. “चिप माझी आहे. मी पाहीन तर मला हवं तेच दिसेल. तू पाहा.” त्यांनी तेच थेंब निम्मे आपल्या चिपमध्ये ठेवले आणि निम्मे साध्या काचेच्या नळीत सुटे. चार तासांनी दोन्हींचे नमुने काढून सारख्याच बाटल्यांत भरले, वर नुसती अ आणि ब अशी अक्षरं घातली आणि कुठलं कुठलं आहे ते कागदावर लिहून कागद खिशात घातला. मी मोजत बसलो. ताई शेजारच्या खोलीत वड्या सोडवत होत्या. एरवी त्या काम करताना गुणगुणायच्या. त्या दिवशी आवाज नव्हता. मला मनातून फार वाटत होतं की चिप सुटावी, म्हणूनच बहुधा मी प्रत्येक आकडा दोनदा मोजला.

दोन्हींत पाझर सारखाच निघाला. चिप निर्दोष होती. रंगच नादान होता, तेलातून वाट काढणारा. मी ओरडत शेजारच्या खोलीत गेलो. ताईंनी खिशातला कागद काढून आधी ताडून पाहिला, मग माझे आकडे पुन्हा पाहिले, आणि मग म्हणाल्या, “म्हणजे आता रंग शोधायचा.” त्यांनी केलेलं कौतुक एवढंच. पण तासाभराने शेजारून गुणगुणणं ऐकू आलं.

पुढचे काही महिने आम्ही रंग शोधत होतो. एक पाझरत नव्हता पण चमकतही नव्हता. एक छान चमकायचा पण जिवाणूच मारायचा. शेवटी बऱ्यापैकी एक सापडला, तरी थोडं पाझरणं उरलंच. ताईंनी कुठल्याशा जुन्या पेपरात वाचलं होतं की पाण्यात साखर घातली तर गळती कमी होते. मी म्हणालो, ताई, जिवाणू साखर खाऊन फुगतील.

“आपली साधी साखर यांना पचत नाही. वाचून बघ,” त्या म्हणाल्या. मी वाचून पाहिलं. आमच्या जिवाणूंच्या जातीबाबत ते खरं होतं. साखर पडली आणि शिळे थेंब पहिल्यांदा दुसऱ्या दिवशीही अंधारे राहिले. त्या सकाळी ताईंनी वहीत लिहिलं, ‘रिकामे, रिकामे.’ त्या ओळीखाली त्यांनी रेघ मारली होती.

मग सगळे प्रयोग पुन्हा. जून संपला. ताईंचा निरोपसमारंभ झाला. मॉरग बोलताना मधेच रडली आणि रडल्याबद्दल स्वतःलाच शिव्या देऊन पुढे बोलली. ताईंनी दुसऱ्या दिवशीपासून यायचं नव्हतं, तरी जुलैत चारदा आल्या. नवीन टेक्निशियन मुलगी वड्या घाईने सोडवते अशी त्यांची तक्रार होती. नवे निकाल पहिल्यासारखे डोळे दिपवणारे नव्हते. पाच औषधांपैकी तीनच नीट वाचता आली. पेपर आधी ठरवलेल्या बड्या ठिकाणी न जाता मध्यम ठिकाणी गेला. पण जे लिहिलं ते शिळं करून पाहिलेलं होतं.

पेपर स्वीकारला गेला तेव्हा नोव्हेंबर होता. मला इंग्लंडात ब्रॅकनेलला नोकरी लागली होती आणि मी त्या आठवड्यात ग्लासगो सोडणार होतो. लेखकांनी आपली नावं कशी छापायची ते ज्याचं त्याने ऑनलाइन फॉर्मवर भरायचं होतं. ताईंचा फोन आला, “मला त्यातलं कळत नाही. तूच ये. जेवायलाच ये.” त्यांना त्यातलं सगळं कळत होतं. पण मी गेलो.

तिसऱ्या मजल्यावरचं त्यांचं घर. मिलिंदराव स्वयंपाकघरात मासे तळत होते. ताईंनी टेबलावर लॅपटॉप उघडून ठेवला होता, चष्मा पुसून ठेवला होता. मी फॉर्म उघडला. पहिलं नाव त्यांनी एका बोटाने टाइप केलं. आडनाव केलं. मधलं नाव ऐच्छिक होतं. मी पुढे जायला निघालो तर म्हणाल्या, “थांब.” आणि अक्षर अक्षर शोधत लिहिलं, दशरथ.

“ताई, हे कोण? मिलिंदराव ना?”

“माझे बाबा.”

आतून मिलिंदरावांनी आवाज दिला, “मला विचारून झालंय हं. माझं नाव बसच्या ड्युटी-चार्टवर रोज असतं.”

ताई पडद्याकडेच बघत होत्या. “बाबा कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये अटेंडंट होते,” त्या म्हणाल्या. “तीस वर्षं नळ्या धुतल्या. पोरांचे प्रयोग चुकायचे ना, तर सर म्हणायचे नळी घाण असेल. बाबा ती नळी उजेडात धरून दाखवायचे. स्वच्छ असायची. कधीच घाण नसायची. मी बीएस्सीला तिथेच होते. एकदा सरांनी बाबांना माझ्यादेखत हाक मारली, ए, अरे, असं काहीतरी. नंतर लक्षात आलं की तीस वर्षांत त्यांना बाबांचं नाव माहीतच नव्हतं.”

मी म्हणालो, “मग शेवटचं बटण तुम्हीच दाबा.”

“थांब जरा. अहो, या ना.”

मिलिंदराव हात पुसत बाहेर आले आणि खुर्चीमागे उभे राहिले. ताईंनी स्पेलिंग एकदा मोठ्याने वाचलं, दुसऱ्यांदा मनात वाचलं आणि बटण दाबलं. पडद्यावर तिन्ही नावं एका ओळीत आली, सुलभा दशरथ गायकवाड.

“आता हे कुणाला पुसता येणार नाही ना?” त्यांनी विचारलं.

“नाही ताई. कुणालाच नाही.”

मासे उत्तम झाले होते. जेवण झाल्यावर ताईंनी मला नव्या गावी जेवणाचे हाल करून घेऊ नको असं तीनतीनदा बजावलं, डबा बांधून दिला आणि मिलिंदराव मला खाली सोडायला निघाले. दारात वळून मी पाहिलं. ताई पुन्हा टेबलाशी जाऊन बसल्या होत्या, हात मांडीवर ठेवून. बराच वेळ कुणी हात न लावल्यामुळे लॅपटॉपचा पडदा विझला. ताईंनी एक बोट पुढे करून तो पुन्हा उजळला.